चालत्या पट्ट्यावरची परीक्षा

तेलाच्या घाण्याचा बैल आपल्या वऱ्हाडात म्हणीत जाऊन बसला आहे. बिचारा दिवसभर चालतो, कोसांमागून कोस तुडवतो, आणि दिवेलागणीस पाहावे तो सकाळी होता तेथेच उभा असतो. ज्या श्रमाने मनुष्य तसूभरही पुढे सरकत नाही, त्या श्रमास आपण ह्या बैलाची उपमा देतो. हल्लीच्या वैद्यकशास्त्राने माणसासाठीही असाच एक घाणा सिद्ध केला आहे. पायांखालून रबरी पट्टा मागे मागे सरकत असतो, मनुष्य पुढे पुढे चालत असतो, आणि इतके चालूनही तो खोलीच्या त्याच कोपऱ्यात राहतो. ह्यास ट्रेडमिल म्हणतात. आज मी त्यास चालता पट्टा म्हणेन. घाण्यातून तेल निघते, ह्या पट्ट्यावरून आपल्या हृदयाची खरी अवस्था बाहेर येते. म्हणून हे चालणे व्यर्थ नव्हे. ते निर्धोक मात्र कसे व्हावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ह्या यंत्राचा पूर्वज काही मोठा कुलीन नव्हता. १८१८ च्या सुमारास विल्यम क्यूबिट नावाच्या एका इंग्रज अभियंत्याने कैद्यांस कामाला जुंपण्यासाठी पायऱ्यांचे एक प्रचंड चाक योजिले. कैद्याने पायरी चढावी, त्याच्या भाराने ती खाली जावी, आणि त्याने लगेच वरच्या पायरीवर पाऊल ठेवावे, असा तो क्रम तासन् तास चाले. १८९८ च्या तुरुंगविषयक कायद्यानंतर इंग्लंडातून ही शिक्षा नाहीशी झाली. चाक गेले, नाव उरले. त्या चाकावरच्या अभाग्यास 'आता थांबवा' असे म्हणण्याचा अधिकार नव्हता. आजच्या पट्ट्यावरील रोग्यास तो पूर्णपणे आहे. हा भेद श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा, कारण माझ्या सांगण्याचा सारा भर पुढे त्याच्यावरच येणार आहे.

आमच्या पिंपळगाव राजासारख्या गावात कोणाच्या छातीत कळ आली, चढण चढताना दम लागू लागला, की तो खामगावास जातो, तेथून कित्येकदा अकोल्यास. तेथील डॉक्टर तपासतात आणि कागदावर तीन अक्षरे लिहून देतात : टीएमटी. म्हणजे चालत्या पट्ट्यावरची हृदयाची परीक्षा. हा कागद घरी आला की घरात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, 'ज्याचे हृदय आधीच दुखते त्याला पळवावयाचे? हा कोणता न्याय?' दुसरा म्हणतो, 'त्यात काय आहे? शेतात जन्म गेला, दहा मिनिटे चालणे म्हणजे काय मोठेसे!' पहिला भितो, दुसरा फुशारकी मारतो. माझ्या मते दोघांचेही चुकते, आणि दुसऱ्याचे अधिक चुकते.

भिणाऱ्याचे भय अगदीच निराधार आहे असे म्हणवत नाही. प्रसिद्ध विनोदी नट राजू श्रीवास्तव हे १० ऑगस्ट २०२२ रोजी दिल्लीतील एका व्यायामशाळेत अशाच पट्ट्यावर असता छातीत कळ येऊन कोसळले, आणि त्याच वर्षी २१ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. ही वार्ता खेडोपाडी पोचली आणि पट्ट्याचे नाव बद्दू झाले. परंतु व्यायामशाळेतील पट्टा आणि परीक्षेच्या खोलीतील पट्टा ह्यांत यंत्र तेवढे सारखे असते, भोवतालची व्यवस्था निराळी असते. विहीर तीच; पण एकजण काळोखात एकटा उतरतो, आणि दुसऱ्याच्या कमरेला दोर बांधून तो वर चौघांनी धरलेला असतो. दोघांचा धोका एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे.

मुळात ही परीक्षा कशासाठी? मनुष्य स्वस्थ निजलेला असता त्याच्या हृदयाचा विद्युत्-आलेख, ज्यास आपण ईसीजी म्हणतो, तो कित्येकदा निर्दोष येतो. हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद झालेल्या असल्या तरी विश्रांतीच्या वेळी लागणारे थोडे रक्त त्यांतून कसेबसे वाहते. नाल्यावरचा पूल उन्हाळ्यात नेहमीच पुरेसा वाटतो. त्याची खरी ऐपत पूर आला म्हणजे कळते. म्हणून हृदयावर जाणून-बुजून, मोजूनमापून, पायरीपायरीने भार घालावयाचा आणि तो त्यास पेलतो की नाही हे पाहावयाचे. पूर्वी ह्यासाठी साध्या पायऱ्या वापरीत. अमेरिकेतील डॉक्टर आर्थर मास्टर ह्यांनी १९२९ मध्ये दोन पायऱ्यांवरून चढ-उतार करविण्याची रीत बसविली. पुढे सिअॅटल येथील डॉक्टर रॉबर्ट ब्रूस ह्यांनी चालत्या पट्ट्यावरील पद्धती सिद्ध केली, आणि १९६३ पासून त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ती रीत आजही सर्वत्र रूढ आहे.

ह्या रीतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याची गती आणि चढ ही दोन्ही वाढतात. पहिली तीन मिनिटे ताशी सुमारे २.७ किलोमीटर गती आणि १० टक्के चढ, म्हणजे शंभर पावलांची वाट चालता दहा पावलांइतके वर जाणे. ही गती देवदर्शनाला निघालेल्या म्हाताऱ्याची आहे. चढ मात्र पहिल्यापासूनच जाणवतो. पुढची तीन मिनिटे ताशी ४ किलोमीटर व १२ टक्के चढ. त्यापुढची ताशी सुमारे साडेपाच किलोमीटर व १४ टक्के. येथपर्यंत आलेला साठीचा मनुष्य धापा टाकू लागला तर नवल नाही. जे अशक्त आहेत, वृद्ध आहेत, किंवा नुकतेच दुखण्यातून उठले आहेत, त्यांच्यासाठी ह्याच रीतीचा सौम्य प्रकार असतो. त्यात आरंभी चढ मुळीच नसतो अथवा थोडा असतो. कोणास कोणता प्रकार लावावयाचा हे डॉक्टरने ठरवावयाचे. 'शेजाऱ्याने बारा मिनिटे काढली, मीही काढीन' असे म्हणण्यात काही अर्थ नाही.

आता धोका किती, ते आकड्यांत सांगतो. अमेरिकेत रॉक्मिस व ब्लॅकबर्न ह्या दोघांनी ७३ केंद्रांतील सुमारे १,७०,००० परीक्षांचा हिशेब १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. दहा हजार परीक्षांमागे सुमारे एक मृत्यू, असे त्यात आढळले. ज्यांच्या हृदयाविषयी शंका आहे अशाच लोकांची ही परीक्षा होते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा आकडा किती लहान आहे ते कळेल. परंतु तो लहान राहतो तो आपोआप नव्हे. त्याच्या पाठीशी पहारा असतो.

तो पहारा कसा असतो ते पाहा. रोग्याच्या छातीवर लहान लहान चकत्या चिकटविलेल्या असतात. त्यांच्या तारांतून हृदयाचा आलेख पडद्यावर क्षणाक्षणाला उमटत असतो. दंडाला पट्टी बांधलेली असते आणि दर थोड्या मिनिटांनी रक्तदाब मोजला जातो. खोलीत ह्या कामाचे शिक्षण घेतलेला मनुष्य असतो आणि डॉक्टर हाकेच्या अंतरावर असावा लागतो. प्राणवायू, औषधे आणि हृदयाची बिघडलेली लय विजेच्या धक्क्याने पूर्ववत करणारे यंत्र ही जय्यत तयार असावी लागतात. परीक्षेला जाणाऱ्याने किंवा त्याच्या मुलाने ही व्यवस्था आहे काय, असे नम्रपणे विचारावे. त्यात उद्धटपणा नाही. नावेत बसण्यापूर्वी वल्हे आहे की नाही हे पाहणाऱ्यास कोणी उद्धट म्हणत नाही.

पहारेकरी परीक्षा केव्हा थांबवितात, हेही ठाऊक असावे. भार वाढत असता वरचा रक्तदाब चढावयास हवा. तो चढण्याऐवजी उतरू लागला तर हृदय थकत आहे असे समजतात आणि पट्टा थांबवितात. उलट तो वरचा २५० च्या किंवा खालचा ११५ च्या वर गेला तरीही थांबवितात. हृदयाची लय भयंकर बिघडली, आलेखातील विशिष्ट रेषा फार वर उचलली गेली, चेहरा पांढरा पडला, ओठ निळे दिसू लागले, पाऊल अडखळू लागले, तरी थांबवितात. आणि ह्या सर्वांइतकेच बलवत्तर असे आणखी एक कारण नियमांत लिहिलेले आहे : रोग्याने 'थांबवा' म्हटले तर थांबवावे. त्यास कारण विचारीत बसू नये.

श्रोतेहो, येथे मी मूळ मुद्द्यावर येतो. यंत्राला ठोके दिसतात, रक्तदाब दिसतो, आलेख दिसतो. परंतु छातीत आवळल्यासारखे होत आहे, डावा हात किंवा जबडा भरून येत आहे, डोळ्यांपुढे अंधारी येत आहे, पोटरीत गोळे येत आहेत, ह्यांपैकी एकही गोष्ट यंत्राला दिसत नाही. ती फक्त रोग्याला कळते, आणि त्याने तोंड उघडले तरच इतरांस कळते. म्हणजे पहाऱ्यावर असलेल्या मंडळींत एक पहारेकरी स्वतः रोगी असतो. तो गप्प बसला तर पहाऱ्याला खिंडार पडते.

आणि आपली माणसे नेमकी येथेच गप्प बसतात. सोसणे हा आमच्याकडे सद्गुण मानला आहे. पायात काटा मोडला तरी पेरणी पुरी करणारा, ताप अंगात असता कापूस वेचणारी, ह्यांची आम्ही तोंड भरून स्तुती करतो. संसारात ह्या सोसण्याचे मोल मोठे आहे. मी ते नाकारीत नाही. पट्ट्यावर मात्र हाच गुण दोष ठरतो. छातीत कळ येत असता 'एवढे तीन मिनिटे काढू' म्हणून दात आवळणारा मनुष्य डॉक्टरांपासून तेच लपवीत असतो, जे शोधण्यासाठी डॉक्टरांनी त्याला पट्ट्यावर चढविले. बायकांच्या बाबतीत तर ही गोष्ट दुप्पट खरी आहे. परक्या पुरुषांच्या समोर दुखणे बोलून दाखविण्याचा त्यांस संकोच वाटतो, आणि त्यांचे हृदयाचे दुखणे कित्येकदा छातीतील कळेच्या रूपाने न येता धाप, मळमळ, विलक्षण थकवा अशा रूपांनी येते. 'थोडी दमले आहे, दुसरे काही नाही' असे म्हणून त्या चालत राहतात.

माझा जन्म मुलांच्या परीक्षा घेण्यात गेला. परीक्षा म्हटली की उत्तीर्ण व्हावयाचे, हा संस्कार शाळेतच पडतो आणि पुढे म्हातारपणीही सुटत नाही. म्हणून सांगतो की, ह्या परीक्षेत गुण मिळवावयाचे नसतात. येथे कोणी पहिला येत नाही, कोणी नापास होत नाही. शाळेत न येणारे उत्तर येते असे भासविणारा विद्यार्थी फार तर मास्तराला फसवितो. येथे जो न पेलणारा भार पेलतो असे भासवितो तो स्वतःच्या हृदयाला फसवू पाहतो, आणि हृदय फसत नाही. ज्याने चौथ्या मिनिटाला 'छातीत दुखते' म्हणून पट्टा थांबवावयास लावला, त्याने परीक्षकाला जे हवे होते ते उत्तर दिले. त्याची परीक्षा पुरी झाली.

आता तयारीविषयी. ही परीक्षा सर्वांचीच, सर्व वेळी करता येत नाही. हृदयविकाराचा झटका येऊन जेमतेम एक-दोन दिवस झाले आहेत, बसल्या जागी किंवा झोपेतून उठविणारी छातीची कळ चालू आहे, उताणे निजता येत नाही इतकी धाप आहे, हृदयाच्या महाधमनीच्या तोंडाची झडप फार अरुंद झाली आहे, किंवा हृदयाच्या स्नायूला सूज आली आहे, अशांना पट्ट्यावर चढवीत नाहीत. म्हणून आदल्या आठवड्यात जे जे झाले ते ते, आदल्या रात्रीची कळसुद्धा, डॉक्टरांस आधी सांगावी. 'सांगितले तर परीक्षा रद्द होईल आणि खामगावची खेप फुकट जाईल' ह्या विचाराने ते लपवू नये. खेप पुन्हा करता येते.

परीक्षेपूर्वी दोन-तीन तास जड जेवू नये. हलके खाल्लेले चालते. त्या दिवशी विडी, तंबाखू, खर्रा ह्यांस स्पर्श करू नये. चालू औषधांपैकी कोणती घ्यावयाची आणि कोणती त्या दिवशी थांबवावयाची हे डॉक्टर सांगतील. आपल्या बुद्धीने एकही गोळी बंद करू नये. हृदयाचे ठोके कमी ठेवणाऱ्या काही गोळ्या असतात. त्या चालू असता ठोके अपेक्षेइतके चढत नाहीत, म्हणून त्यांची चिठ्ठी बरोबर न्यावी. मधुमेही माणसाने गोळी किंवा इन्सुलिन केव्हा घेतले आणि काय खाल्ले ते सांगावे, आणि पायाला जखम असल्यास ती दाखवावी.

पोशाखाची गोष्ट लहान वाटते, पण ती लहान नाही. पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याजवळ धोतराचा सोगा गेला तर काय होते, हे खेड्यात कोणास शिकवावे लागत नाही. चालत्या पट्ट्यालाही तोच न्याय लागतो. धोतर, लुंगी, पदर, सैल दुपट्टा, लोंबणारी नाडी ह्यांपैकी काहीही पट्ट्याजवळ असता कामा नये. पुरुषांनी पायजमा किंवा सैलसर विजार घालावी. स्त्रियांनी शक्य तर सलवार आणि पुढून उघडणारा कुडता घालावा, म्हणजे चकत्या लावताना अडचण पडत नाही. स्त्री परिचारिका खोलीत असावी अशी मागणी करण्याचा त्यांस अधिकार आहे. चपला घालून पट्ट्यावर चढू नये. पायात घट्ट बसणारे, बंद किंवा पट्टी असलेले बूट असावेत. ज्यांस जन्मभर वहाणांची सवय, त्यांनी मुलाचे किंवा नातवाचे बूट मागून आणून आदल्या दिवशी अंगणात चालून पाहावे. पायाला मोठे होणारे बूट मात्र नकोत.

पट्ट्यावर चढण्याची रीत अशी. पट्टा स्थिर असता दोन्ही बाजूंच्या न हलणाऱ्या कडांवर एकेक पाय ठेवून उभे राहावे, हातांनी दांडा धरावा, पट्टा अगदी मंद गतीने सुरू झाला म्हणजे त्यावर पाऊल टाकावे. नजर समोर ठेवावी. पायांकडे पाहात राहिले की भोवळ आल्यासारखे होते. पाऊल नेहमीइतके लांब टाकावे, आणि पट्ट्याच्या पुढच्या भागात राहावे, मागे मागे सरकू नये. दांडा तोल सांभाळण्यापुरता, बोटे टेकवून धरावा. त्यावर अंगाचा भार टाकून लोंबकळल्यास पायांचे काम हात करू लागतात, हृदयावर पडावयाचा भार पडत नाही, आणि निकाल खरा येत नाही. तांबडे बटण कोठे आहे ते आधी विचारून ठेवावे; ते दाबले की पट्टा थांबतो. काही यंत्रांस एक दोरी असते. तिची चिमटी सदऱ्याला लावतात, म्हणजे मनुष्य मागे घसरला तर दोरी सुटून यंत्र आपोआप बंद पडते. ती चिमटी लावल्यावाचून पाऊल टाकू नये. चालत्या पट्ट्यावरून उडी मारून उतरणे तर कोणीही कधीही करू नये.

परीक्षा संपली की एकदम थांबावयाचे नसते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्ताला वर हृदयाकडे ढकलीत असतात. पाय अवचित थांबले की रक्त पायांत साचते, रक्तदाब कोसळतो आणि मनुष्य घेरी येऊन पडतो. म्हणून साधारणतः पट्टा हळूहळू मंद करतात. नंतर बसवून अथवा निजवून काही मिनिटे, निदान सहा मिनिटे तरी, आलेख व रक्तदाब पाहात राहतात; काही दोष ह्याच वेळी प्रकट होतात. 'झाले ना? मग गाडी चुकेल' म्हणून तारा ओढून निघण्याची घाई करू नये. घरी येऊन लगेच कढत पाण्याने स्नान करू नये.

निकालाविषयीही दोन शब्द. वयाच्या मानाने हृदयाचे कमाल ठोके किती, ह्याचा ठोकळ हिशेब २२० मधून वय वजा करून काढतात. साठीच्या माणसाचे ते १६० येतात, आणि त्याचे ८५ टक्के म्हणजे १३६. एवढे ठोके होण्यापूर्वीच परीक्षा थांबली तर निर्दोष दिसणाऱ्या आलेखावरही पूर्ण विश्वास ठेवीत नाहीत. हिशेब ठोकळ आहे; दहा-बारा ठोक्यांचे अंतर सहज पडते. तसेच ही परीक्षा त्रिकालज्ञ नव्हे. अनेक संशोधनांचा एकत्र हिशेब १९८९ मध्ये झाला. त्यात असे दिसले की, रक्तवाहिन्यांचा विकार खरोखर असलेल्या १०० जणांपैकी सुमारे ६८ जणांत तो आलेखावरून ओळखू येतो, आणि विकार नसलेल्या १०० पैकी सुमारे ७७ जणांस ती निर्दोष ठरविते. म्हणून सदोष निकालाने हबकून जाऊ नये, आणि निर्दोष निकालानंतर पुन्हा कळ आली तर 'परीक्षा तर चांगली आली होती' म्हणून घरी निजून राहू नये.

येथवर परीक्षेची गोष्ट झाली. पट्ट्याचे दुसरे काम आहे ते दुखण्यातून उठलेल्या माणसाला पुन्हा पायावर उभे करण्याचे. पूर्वी हृदयविकाराच्या रोग्यास सहा-सहा आठवडे बाजेवर निजवून ठेवीत. १९५२ मध्ये अमेरिकेतील डॉक्टर सॅम्युएल लेव्हिन व बर्नार्ड लाऊन ह्यांनी रोग्यास लवकर उठवून खुर्चीत बसवावे असा आग्रह धरला. १९६६ मध्ये डॅलस येथे पाच निरोगी तरुणांस तीन आठवडे बिछान्यावर ठेवून पाहिले, तो त्यांची शक्ती लक्षणीय घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांस पुन्हा तपासले असता, तीस वर्षांच्या वयाने जितकी हानी केली नव्हती तितकी त्या तीन आठवड्यांच्या निजण्याने केली होती असे दिसून आले. आपल्याकडे शासनाच्या आरोग्य योजनेतून आता गरिबाच्याही हृदयात स्टेंट बसतो, बायपास होते. रोगी घरी येतो, आणि मग प्रेमाने त्याची बाज सुटत नाही. 'बापूंनी आता काही करावयाचे नाही' असे मुले म्हणतात. हे प्रेम रोग्याचे पाय खाते.

पुनर्वसनाची ही विद्या महाराष्ट्राला नवीन नाही. मुंबईस पोलिओच्या साथीनंतर के. ई. एम. रुग्णालयात व्यायामोपचाराचे शिक्षण १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांतच सुरू झाले, आणि हाजीअलीजवळ पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ मध्ये निघाली. अशा देखरेखीच्या ठिकाणी पट्ट्यावर चालविताना परीक्षेसारखा भार वाढवीत नेत नाहीत. आधी पाच-दहा मिनिटे मंद चालणे, मग ठरविलेल्या ठोक्यांपर्यंतचे चालणे, शेवटी पुन्हा मंद, असा क्रम असतो. श्रम किती वाटतात हे मोजण्यासाठी स्वीडनमधील गुन्नार बोर्ग ह्यांनी ६ ते २० अशी श्रेणी केली आहे. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे पराकाष्ठा. दुखण्यातून उठलेल्यास बहुधा ११ ते १३ च्या आसपास ठेवतात. वारीला जाणाऱ्यांस ह्याची खूण सोपी करून सांगता येईल : सोबत्याशी बोलता आले पाहिजे, पण अभंग आळविण्याइतका दम उरू नये. बोलताही येईना तर गती अधिक आहे. येथेही मोजमाप रोग्याच्या जिभेवरच आहे. त्याने १७ वाटत असता १२ सांगितले तर सारा हिशेब फसतो.

पक्षाघात झालेल्यांसही कमरपट्ट्याने वर तोलून धरून पट्ट्यावर चालवितात. परंतु असे यंत्र गावात नाही म्हणून कोणी हताश होऊ नये. अमेरिकेत पक्षाघाताच्या ४०८ रोग्यांवर केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तोलून धरलेल्या पट्ट्यावरचे चालणे घरी येऊन शिकविलेल्या व्यायामापेक्षा सरस ठरले नाही. हृदयाच्या रोग्यांविषयी आपल्याच देशात २४ रुग्णालयांतून सुमारे चार हजार जणांवर अभ्यास झाला. योगावर आधारलेल्या पुनर्वसनाने झटके वा मृत्यू निश्चितपणे कमी झाले असे त्यात सिद्ध झाले नाही. परंतु ते घेणाऱ्यांचे रोजचे जीवन अधिक सुखाचे झाले आणि ते आपल्या कामाकडे अधिक चांगले परतले, असे दिसले. शिवाय सपाट ओसरीत सहा मिनिटांत किती अंतर चालवते हे मोजण्याची साधी परीक्षाही डॉक्टर लोक वापरतात. म्हणजे पट्टा हे साधन आहे. देखरेखीने, बेताबेताने चालणे हे औषध आहे.

शेवटी, हल्ली काही घरांत मुंबई-पुण्याची मुले आईबापांसाठी पट्टा विकत पाठवितात, त्यांच्यासाठी सूचना. डॉक्टरांनी तपासल्यावाचून तो सुरू करू नये, आणि घरात एकटे असता त्यावर चढू नये. आमच्याकडे वीज केव्हा जाईल ह्याचा नेम नसतो. ती गेली की पट्टा पायांखाली अवचित थांबतो आणि चालणारा पुढे झोकांडतो, म्हणून गती नेहमी बेताची आणि दांडा हाताशी असावा. विजेची तार जमिनीत नीट उतरविलेली आहे की नाही हे जाणत्या तारतंत्र्याकडून पाहून घ्यावे. जुलै २०२३ मध्ये दिल्लीच्या रोहिणी भागातील एका व्यायामशाळेत पट्ट्यावर चालणारा एक तरुण विजेच्या धक्क्याने दगावला. पट्ट्यामागे निदान दोन मीटर जागा मोकळी असावी, भिंत नसावी. आणि लहान मुलांस त्याजवळ फिरकू देऊ नये. अमेरिकेत २०२१ मध्ये एका कंपनीला आपले पट्टे परत मागवावे लागले ते मुले त्याखाली ओढली गेली म्हणूनच. वापर झाला की चावी किंवा दोरी काढून उंच जागी ठेवावी.

श्रोतेहो, ज्यांच्या घरी तो तीन अक्षरांचा कागद आला असेल त्यांनी तो गादीखाली दडवू नये. जावे, चालावे, आणि बरोबर जाणाऱ्या मुलाने किंवा सुनेने वाटेत म्हाताऱ्याला 'हिंमत धरा' एवढेच सांगून थांबू नये. 'दुखले तर लगेच सांगा, आम्हाला त्यात कमीपणा नाही' असे सांगावे. आजवर आम्ही वडीलधाऱ्यांस सोसावयास लावले. एवढ्या दहा मिनिटांपुरते तरी त्यांस बोलावयास लावू या.